जयपूर पाहिलंत, पण जयपूरचा डोंगर चढलात का?

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रातली निम्मी कुटुंबं राजस्थानच्या वाटेला लागतात. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोचवते आणि मग सुरू होते ती ठरलेली धावपळ. हवामहलसमोर फोटो, आमेरचा किल्ला, जंतरमंतर, बापू बाजारात मोजड्या आणि जयपुरी रजया, रात्री दालबाटी. दोन दिवसांत ‘जयपूर झालं’ असं म्हणत मंडळी उदयपूरची गाडी पकडतात.

पण या गुलाबी शहराच्या पाठीशी एक डोंगर आहे. हवामहलचा फोटो काढताना, जलमहालाकडे बघताना, आमेरच्या रस्त्यावर गाडीच्या खिडकीतून तो सारखा दिसत असतो. पाऊस नुकताच संपलेला असतो, गवत पिवळं पडू लागलेलं असतं, उन्हाचा कडकपणा सरलेला असतो. आश्विन-कार्तिकातलं ते रान पायी पाहण्यासारखं असतं. तेही लहान मुलं आणि घरातली वडीलधारी माणसं बरोबर घेऊन. कसं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

डोंगराच्या कुशीतलं शहर

सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं. त्याआधी कछवाह्यांची राजधानी होती डोंगरातल्या आमेरला. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाच्या मदतीनं सपाटीवर आखीव चौकांचं नवं शहर उभं राहिलं, पण डोंगराचा आधार काही सुटला नाही. उत्तरेला नाहरगड आणि त्यापलीकडे जयगड, पूर्वेला गलत्याची टेकडी. 2019 मध्ये ‘युनेस्को’नं या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हा डोंगर म्हणजे अरवली. गुजरातेत पालनपूरजवळ सुरू होणारी ही रांग राजस्थान ओलांडून थेट दिल्लीपर्यंत जाते. लांबी जवळजवळ 700 किलोमीटर. आपल्याला सह्याद्री केवढा पुरातन वाटतो! पण सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसातून घडला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. अरवलीतले खडक त्याच्या कितीतरी आधीचे, शंभर कोटी वर्षांहूनही जुने. एवढ्या काळाच्या ऊन-पावसानं झिजून झिजून डोंगर बुटका झाला आहे. जयपूरच्या टेकड्या बघून सिंहगड-राजगड चढणारा माणूस कदाचित हसेल. पण मुलांना हातात एक दगड घेऊन बघायला सांगा. आपल्याकडचा काळा, सच्छिद्र. इथला फिकट, गारगोटीसारखा कठीण, कडांनी धारदार. भूगोलाचा धडा पुस्तकापेक्षा इथे लवकर समजतो.

पहिली वाट : गढ गणेश

मराठी कुटुंबानं सुरुवात करावी ती अर्थातच गणपतीपासून. शहराच्या उत्तरेला, ब्रह्मपुरीच्या मागच्या टेकडीवर गढ गणेशाचं मंदिर आहे. जयसिंहांनी शहर वसवताना हा गणपती स्थापला, आणि राजवाड्यातून त्याचं दर्शन व्हावं अशी शहराची मांडणी केली, असं जयपूरवासी सांगतात. इथल्या मूर्तीला सोंड नाही; हा बालरूपातला गणपती. त्याचा फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे तो बघायचा असेल तर चढूनच जायला हवं.

पायऱ्या किती? वर्षाचे दिवस तेवढ्या, म्हणजे 365, असं पायथ्याचा फुलवाला सांगतो. 

आमच्या घरी त्या वर्षीची दिवाळी नव्हती. चैत्रात सासरे गेले होते. पहिल्या वर्षी आकाशकंदील नाही, फराळ नाही. चार दिवस घरात नुसतं बसून राहण्यापेक्षा कुठेतरी जाऊ या, असा विचार करून आम्ही सासूबाईंना घेऊन जयपूरला गेलो होतो. अडुसष्ट वर्षांचं वय, गुडघे दुखरे. पायथ्याशी आल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन. मी इथे सावलीत बसते.”

“आई, दहा पायऱ्या चढून बघा. नाही जमलं तर आपण दोघी खाली येऊ,” मी म्हटलं. नऊ वर्षांच्या लेकीनं तर आजीचा हातच धरला. “आजी, तू फक्त चढ. मोजायचं काम माझं!”

दहाच्या वीस झाल्या, वीसच्या पन्नास. दर वळणावर कठड्याला टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मागे वळून शहराकडे बघायचं आणि मग पुढे. घाई कुणालाच नव्हती. वरून उतरणाऱ्या बायका ‘माँजी, थोडा ही और’ म्हणत धीर देत होत्या. मुलीचा आकडा दोनशेच्या थोडा पुढे गेला तेव्हा सासूबाई थांबल्या. फुलवाल्याचं वर्षाच्या दिवसांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मनाशीच पुटपुटल्यासारखं त्या म्हणाल्या, “चैत्रापासून इथवर आलेच की मी. आता राहिलेत तेवढे दिवसही चढायचेच आहेत.” आणि काठी टेकत पुढची पायरी चढल्या.

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. वरती पोचल्यावर लेकीचा हिशेब पायऱ्यांशी जुळला नाही, त्यावरून बापलेकीचा वाद मात्र बराच वेळ चालला.

मंदिरातून खाली पाहिलं की उजाडतानाचं सगळं जयपूर पायाशी पसरलेलं दिसतं. जवळच गैटोरच्या छत्र्या आहेत, जयपूरच्या राजांची संगमरवरी स्मारकं. खालच्या ब्रह्मपुरीत आणखी एक मराठी धागा सापडतो. जयसिंहांचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांच्या नावाची हवेली आजही या वस्तीत उभी आहे. जयसिंहांच्या पदरचे ज्योतिषी सम्राट जगन्नाथ हेही महाराष्ट्रीयच. युक्लिडची भूमिती त्यांनी ‘रेखागणित’ या नावानं संस्कृतात आणली. जंतरमंतर बघताना मुलांना हे जरूर सांगावं.

दुसरी वाट : नाहरगड

नाहरगडावर गाडी जाते, पण ती आमेरच्या बाजूनं मोठा वळसा घालून. जुन्या शहरातून नाहरगड रोडच्या टोकापासून दगडी फरसबंदीची एक जुनी वाट नागमोडी वळणं घेत थेट गडावर चढते. अंतर जेमतेम दोनेक किलोमीटर. मुलांना घेऊन, थांबत-थांबत गेलं तरी तासाभरात माथा येतो. चढ मात्र खडा आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी गाडीनं वर जावं आणि बाकीच्यांना वरती भेटावं, हे उत्तम.

1734 मध्ये बांधलेल्या या गडाचं आधीचं नाव सुदर्शनगड. नाहरसिंह नावाच्या वीराचा आत्मा बांधकामात विघ्नं आणत होता, त्याच्या नावानं देऊळ बांधल्यावर तो शांत झाला, अशी दंतकथा आहे. वरच्या माधवेंद्र भवनात राण्यांसाठी एकसारखी नऊ दालनं आहेत. गडावरची पायऱ्यांची विहीर, इथल्या भाषेत बावडी, डोंगराच्या उतारावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्यानं भरायची. पाणी कसं साठवावं, हे राजस्थानकडून शिकावं.

गडाच्या तटावरून शहराकडे पाहिलं की घरांच्या गर्दीतून वर आलेला एक उंच मनोरा दिसतो. ती ईसरलाट, म्हणजेच सरगासूली. जयसिंहांचा मुलगा ईश्वरीसिंह यानं 1749 मध्ये ती बांधली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1750 मध्ये, मल्हारराव होळकरांची फौज चालून येते आहे हे कळल्यावर याच राजानं आत्महत्या केली. गैटोरच्या छत्र्यांमध्ये त्याची छत्री नाही. ती शहरात, राजवाड्याच्या आवारात आहे. त्यानंतर जानेवारी 1751 मध्ये शहर बघायला आणि बाजारहाट करायला आत शिरलेल्या मराठ्यांची जयपूरकरांनी कत्तल केली. खंडणीपायी गांजलेल्या शहराचा तो संताप होता. आपण शाळेत अटकेपार झेंडे शिकतो, पण या तटावर उभं राहिल्यावर त्याच इतिहासाची दुसरी बाजू दिसते. मुलं मोठी असतील तर त्यांना हीही सांगायला हवी.

तिसरी वाट : गलता

कार्तिकात जयपूरला असाल तर गलत्याला जायला विसरू नका. शहराच्या पूर्वेच्या सूरजपोल दरवाजाबाहेरून एक फरसबंदी वाट टेकडी चढते. माथ्याजवळ सूर्यमंदिर आहे. तिथून पलीकडे उतरलं की दोन कड्यांच्या बेचक्यात कुंडं आणि मंदिरं दिसतात. गालव ऋषींनी इथे तप केलं अशी श्रद्धा आहे, आणि डोंगरातून गोमुखावाटे येणारं पाणी हा या जागेचा जीव. कार्तिक पौर्णिमेला इथे स्नानासाठी मोठी गर्दी होते. आपल्याकडे काकडआरतीला पहाटे उठणाऱ्या आजीबाईंना इथल्या कार्तिक स्नानाला निघालेल्या बायका अगदी ओळखीच्या वाटतील.

गलता ही रामानंदी पंथाची मोठी गादी. ‘भक्तमाल’ लिहिणाऱ्या नाभाजींचं नाव परंपरेनं या गादीशी जोडलं जातं. त्या ग्रंथात आपले नामदेव आणि ज्ञानदेवही आहेत. पुढे ताहराबादच्या महिपतीबुवांनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ रचला तेव्हा नाभाजींचा आधार घेतल्याचं त्यांनी आवर्जून सांगितलं. ज्या पोथीची पारायणं आपल्या घरांत झाली, तिचा एक झरा असा राजस्थानातून आलेला आहे.

गलत्यात माकडांचा सुळसुळाट आहे. हातात खाऊची पिशवी, प्रसादाचा पुडा, चकाकणारा चष्मा दिसला की ती अंगावर येतात. दाणे-केळी विकणारे ‘खिला दो’ म्हणून मागे लागतात, पण मुलांच्या हातात काही देऊ नका. माकड जवळ आलं तर ओरडू नये, पळू नये. रिकामे हात दाखवून शांतपणे बाजूला व्हावं.

धोक, सालर आणि वेडी बाभूळ

या तिन्ही वाटांवर एक झाड वारंवार भेटतं. बारीक पानांचं, खाली झुकलेल्या फांद्यांचं, दगडाच्या फटीतूनही उगवणारं. त्याचं नाव धोक. नावात धोका असला तरी झाड अगदी भरवशाचं! आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याचा हा सख्खा भाऊ. पाऊस पडला की काही दिवसांतच सगळा डोंगर हिरवा करतो आणि थंडी जवळ आली की त्याची पानं तांबूस-तपकिरी होऊ लागतात. काश्मीरच्या चिनारासारखा शरदाचा लालभडक थाट इथे नाही. उन्हात तापलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा रंग हळूहळू डोंगरावर चढतो.

जोडीला सालर आहे, म्हणजे आपली सालई; खैर, पळस आणि हिवर आहेत. हिवराला इथे रोंज म्हणतात. सपाटीवर खेजडी दिसते, दसऱ्याला आपण जिची आठवण काढतो ती शमी. आणि सगळीकडे घुसलेली वेडी बाभूळ. ही मूळची अमेरिका खंडातली. जळणासाठी आणि वाळवंट रोखण्यासाठी तिचं बी पेरलं गेलं आणि तिनं स्थानिक झाडांची जागा बळकावली.

ज्यांना चढ नकोच, त्यांच्यासाठी नाहरगडाच्या पायथ्याशी विद्याधरनगरच्या बाजूला ‘किशन बाग’ आहे. सुमारे 64 हेक्टरच्या वाळूच्या टेकड्यांवर, वृक्षतज्ज्ञ प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली राजस्थानातल्या वाळवंटी वनस्पती पुन्हा रुजवल्या आहेत. 2021 च्या अखेरीस ही बाग लोकांसाठी खुली झाली. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून आजी-आजोबाही आरामात फिरू शकतात, आणि प्रत्येक झाडागवताची ओळख करून देणाऱ्या पाट्या मुलांना वाचता येतात.

बघेऱ्याचा शेजार

जयपूरच्या डोंगरात बिबटे आहेत. इथे त्यांना बघेरा म्हणतात. शहराला अगदी खेटून असलेलं झालाना हे राखीव रान त्यासाठी प्रसिद्ध आहे. 2022 मध्ये त्याच्या शेजारचं आमागढही पर्यटकांसाठी खुलं झालं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा जुन्नरचा ऊस ठाऊक असलेल्या मराठी माणसाला शहराशेजारच्या बिबट्याचं नवल वाटणार नाही. झालानात आणि आमागढात पायी हिंडण्याचा विचारही करू नये. तिथे वनखात्याच्या नियमानं, जिप्सीत बसून, सकाळी किंवा दुपारनंतरच जायचं. नाहरगडाचं रानही 1980 पासून अभयारण्य आहे. म्हणून आपण सांगितलेल्या तीन वाटा सोडून आडवाटेला शिरू नये, आणि अंधार पडायच्या आत शहरात परतावं.

डोंगर घात करतो तेव्हा

टेकडी बुटकी आहे म्हणून तिला कमी लेखू नये. 11 जुलै 2021 च्या संध्याकाळी आमेरसमोरच्या डोंगरावरच्या टेहळणी बुरुजावर पावसाची मजा बघायला जमलेल्या लोकांवर वीज कोसळली आणि किमान 11 जणांचा जीव गेला. सप्टेंबर 2024 मध्ये नाहरगडाच्या रानात दोन तरुण भाऊ वाट चुकले. एकाचा मृतदेह सापडला, दुसऱ्याचा शोध कित्येक दिवस चालला. ते परदेशी पर्यटक नव्हते. याच शहरातले होते. पावसाळ्याच्या शेवटी गवत माणसाच्या कमरेपर्यंत वाढतं, पायवाटा झाकल्या जातात आणि एकसारख्या दिसणाऱ्या घळींमध्ये दिशा कळत नाही. दिवाळीपर्यंत गवत वाळतं, आभाळ मोकळं होतं. पायी फिरण्यासाठी हाच काळ योग्य, तो यासाठी.

उरलेला डोंगर

माणसाला डोंगराची भीती वाटते, पण डोंगराला माणसाची भीती त्याहून मोठी आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक अहवाल आला. राजस्थानात अरवलीच्या नमुन्यादाखल तपासलेल्या 128 डोंगरांपैकी 31 नाहीसे झाले होते. दगडाच्या खाणींनी ते खाल्ले. ‘हनुमानानं उचलून नेले का?’ अशा अर्थाचा प्रश्न तेव्हा न्यायमूर्तींनी विचारला होता.

नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा वाद पेटला. आजूबाजूच्या जमिनीपासून निदान 100 मीटर उंच असेल तोच अरवलीचा डोंगर, अशी व्याख्या न्यायालयानं मान्य केली. मग बुटक्या टेकड्यांचं काय, असं विचारत राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले. डिसेंबरच्या अखेरीस न्यायालयानं स्वतःच्याच त्या निर्णयाला स्थगिती दिली.

आपण लांबून आलेले पाहुणे, आपला काय संबंध, असं वाटेल. पण वाळवंट पूर्वेकडे सरकू न देणारी आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारी ही रांग आहे. शंभर कोटी वर्षांच्या वाऱ्यापावसाला जे जमलं नाही ते यंत्रांनी दोन-तीन पिढ्यांत करून दाखवलं. पुण्या-मुंबईभोवतीच्या फोडलेल्या टेकड्या आठवल्या की हे दुःख परकं राहत नाही. ज्या मुलानं एक डोंगर स्वतःच्या पायांनी चढला आहे, त्याला पुढे मोठेपणी ‘ही नुसती टेकडी आहे, फोडू या’ असं कुणी सहज पटवू शकणार नाही.

निघण्यापूर्वी

● नोव्हेंबरच्या सुरुवातीला जयपुरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. पहाटे निघा, दहाच्या आत उतरा. संध्याकाळी चढायचा मोह टाळा.

● सकाळी गारठा आणि दुपारी ऊन असतं. एकावर एक दोन पातळ कपडे घाला, म्हणजे चढताना वरचा काढता येतो. नव्या मोजड्या घालून डोंगर चढू नका. घट्ट बसणारे बूटच हवेत.

● माणशी एक लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की किंवा लाडू जवळ ठेवा. वाटेत माकडं असतील तर खाऊ पिशवीच्या तळाशी.

● वयस्कर मंडळींची रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं हॉटेलात ठेवू नका. चढताना बोलता येईना इतका दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. देव खालूनही नमस्कार स्वीकारतो.

● एकट्यानं जाऊ नका आणि आपण कोणत्या वाटेनं जात आहोत ते हॉटेलात सांगून ठेवा. सर्वांत पुढे एक मोठं माणूस, सर्वांत मागे एक मोठं माणूस, मुलं मध्ये.

● मोबाईल पूर्ण चार्ज करून न्या. मदतीसाठी 112 हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

● प्लॅस्टिकचा कागद, बाटली, निर्माल्याची पिशवी खाली परत आणा.

दिवाळीनंतर जयपूरच्या मंदिरांतून अन्नकुटाचा प्रसाद वाटला जातो. बाजरी, मूग, कढी आणि पंचवीस भाज्या एकत्र शिजवल्यासारखी एक भाजी. सकाळी डोंगर चढून आलेल्या पोटाला त्याची जी चव लागते, ती कुठल्याही हॉटेलच्या थाळीला यायची नाही. आमच्याकडे ती भाजी कशी करायची हे सासूबाईंनी पंगतीतल्या शेजारणीकडून मोडक्यातोडक्या हिंदीत विचारून घेतलं. वर्षश्राद्ध झालं की पुढच्या दिवाळीला ती घरी करायची, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.